ज्येष्ठांचं पडणं: कारणं, धोके आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पडून अंथरुणाला खिळलेल्या वयस्कर माणसांना पुन्हा चालतं करायचं, हे माझं रोजचं काम. ‘कसे पडलात?’ असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: ‘काही नाही हो, पाय घसरला.’ या उत्तरावर माझा विश्वास नाही. का नाही, ते खालच्या प्रश्नोत्तरांत आहे. हे प्रश्न मला पेशंटच्या मुलांनी, सुनांनी, जोडीदारांनी आणि कधीकधी खुद्द पडलेल्यांनी विचारलेले आहेत.

वय झालं की माणूस पडायचाच. त्यात कारण काय शोधायचं?

वयाबरोबर धोका वाढतो, हे खरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार ६५ वर्षांवरचे साधारण २८ ते ३५ टक्के लोक वर्षातून एकदा तरी पडतात आणि सत्तरीपुढे हे प्रमाण ३२ ते ४२ टक्क्यांवर जातं. पण हाच आकडा उलटा करून वाचा. सत्तरी ओलांडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक वर्षभरात एकदाही पडत नाहीत. वय तर त्यांचंही झालेलं असतं. म्हणजे पडणाऱ्यांच्या बाबतीत वयापलीकडे आणखी काहीतरी आहे, आणि ते बहुतेक वेळा सापडतं.

‘वयोमानानुसार’ हा शब्द मला म्हणूनच खटकतो. तो एकदा उच्चारला की पुढे कुणी तपासत नाही. जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांखालोखाल पडण्याचाच नंबर लागतो, आणि त्यात साठीपुढच्यांची संख्या सर्वाधिक आहे.

आई पडली नाही, पलंगाच्या कडेवरून घसरून खाली बसली. हे पडण्यात धरायचं का?

धरायचं. मनात नसताना माणूस जमिनीवर किंवा होता त्यापेक्षा खाली आला की ते पडणंच. लागलं की नाही, याचा त्याच्याशी संबंध नाही.

‘पडले नाही रे, बसले’ असं ठासून सांगणाऱ्या आज्या मला कायम भेटतात. त्यामागे थोडी लाज असते, आणि बरीचशी धास्ती असते की आता ही मुलं मला एकटीला कुठे जाऊ देणार नाहीत. पण एकदा पडलेल्या माणसाची पुन्हा पडण्याची शक्यता दुपटीने वाढते. त्यामुळे न लागलेलं पडणं हा फुकटात मिळालेला इशारा समजा. ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी तुम्हाला कळणारही नाही.

फरशी ओली होती म्हणून पाय घसरला. आता यात आणखी काय असणार?

त्याच ओल्या फरशीवरून नातूही जातो. त्याचाही पाय सरकतो. पण तो हात हवेत उडवतो, दुसरं पाऊल धपकन पुढे टाकतो आणि हसत निघून जातो. त्या अर्ध्या-पाऊण सेकंदात शरीरात बरंच काही घडतं. डोळे, आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा आणि तळपाय-घोट्यातल्या संवेदना मेंदूला एकाच वेळी कळवतात की तोल चाललाय. मेंदू हुकूम सोडतो, पाऊल पडतं आणि मांडीचे स्नायू सगळं वजन झेलून धरतात.

आता आजोबांचं बघा. मधुमेहामुळे तळपाय बधिर, म्हणून निरोपच उशिरा निघतो. रात्रीच्या झोपेच्या गोळीचा अंमल अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून हुकूम उशिरा सुटतो. मांडीत ताकद नाही, म्हणून टाकलेलं पाऊल तोकडं पडतं आणि ते वजन पेलत नाही. पाणी नुसतं निमित्त. त्या दिवशी पाणी नसतं तर चार दिवसांनी उंबरा असता, नाहीतर पायपुसणं असतं.

या बाबतीत एक जुना अभ्यास मी पेशंटच्या घरच्यांना हमखास सांगते. १९८८ साली अमेरिकेतल्या डॉ. मेरी टिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. आपापल्या घरी राहणाऱ्या, ७५ किंवा त्याहून जास्त वयाच्या ३३६ जणांवर त्यांनी वर्षभर लक्ष ठेवलं. झोपेची औषधं, स्मरण-आकलनातली घट, पायांतला अशक्तपणा, चाल आणि तोलातले दोष, पावलांच्या तक्रारी असे धोक्याचे घटक त्यांनी मोजले. एकही घटक नसलेल्यांत पडण्याचं प्रमाण ८ टक्के होतं, तर चार किंवा जास्त घटक असलेल्यांत ते ७८ टक्क्यांवर गेलं. धोका एकावर एक असा चढत जातो. पण मग तो उतरवताही येतो: चारपैकी दोन गोष्टी सुधारल्या तरी फरक पडतो. सगळंच दुरुस्त करावं लागत नाही.

कोणत्या औषधांमुळे तोल जाऊ शकतो?

माझ्या मते घरात सगळ्यात आधी तपासायची जागा म्हणजे गोळ्यांचा डबा. फरशी आणि चपला नंतर.

पहिला संशय झोपेच्या आणि चिंता कमी करणाऱ्या गोळ्यांवर घ्यावा. त्यांची गुंगी सकाळपर्यंत रेंगाळते आणि म्हातारपणी यकृत-मूत्रपिंड मंदावल्यामुळे औषध शरीरात जास्त वेळ राहतं. नैराश्यावरची आणि मानसिक आजारांवरची काही औषधं, अफूवर्गीय वेदनाशामकं आणि फिट्सवरची औषधं याच रांगेतली. रक्तदाबाची गोळी, लघवी जास्त व्हावी म्हणून दिलेली गोळी आणि पुरुषांमध्ये प्रोस्टेटसाठी दिलेल्या काही गोळ्या उभं राहताना रक्तदाब पाडू शकतात. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्यांनी साखर खाली गेली तर घाम, थरथर आणि मग थेट जमीन. सर्दी-खाज-ॲलर्जीच्या जुन्या प्रकारच्या गोळ्या दुकानातून सहज आणल्या जातात आणि कुणी त्यांना औषध समजतच नाही. त्या गुंगी आणतात, वयस्कर माणसाला गोंधळवूनही टाकतात.

नुसती गोळ्यांची संख्यादेखील बोलते. रोज चार-पाचच्या वर औषधं चालू असतील तर धोका वाढतो. हृदयाचे डॉक्टर वेगळे, मधुमेहाचे वेगळे, मणक्याचे वेगळे, आणि सगळ्या चिठ्ठ्या एकत्र बघणारं कुणीच नाही, अशी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. एका पिशवीत घरातली सगळी औषधं भरा, थेंब आणि मलमांसकट, आणि एकाच डॉक्टरांपुढे रिकामी करा.

मात्र हे वाचून कुठलीही गोळी मनाने बंद करू नका. झोपेची गोळी वर्षानुवर्षं घेत असाल तर ती एकदम तोडल्याने उलट त्रास होतो. ती हळूहळू उतरवावी लागते. रक्तदाबाची गोळी मधेच सोडणंही अंगाशी येऊ शकतं.

उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. हे पडण्याचं कारण असू शकतं?

नक्कीच, आणि ते पकडायला फार सोपं आहे. आपण उभे राहतो तेव्हा साधारण अर्धा ते एक लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. तरुण शरीर लगेच रक्तवाहिन्या आवळून, ठोके वाढवून भरपाई करतं. वयाबरोबर ही भरपाई आळसावते. वर शरीरात पाणी कमी असेल, रक्तदाबाची औषधं चालू असतील, मधुमेह किंवा पार्किन्सन असेल तर आणखीच. पोटभर जेवणानंतर तास-दोन तासांतही काहींचा रक्तदाब असाच उतरतो.

पाच मिनिटं पडून राहिल्यावर रक्तदाब मोजा, मग उभं राहिल्यावर एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. गोम अशी की रक्तदाब उतरूनही काहींना चक्कर जाणवतच नाही, ते सरळ पडतात. आणि खुर्चीवर बसवून घेतलेला रक्तदाब कितीही छान आला, तरी त्यातून हे कळत नाही.

बाबा नेमके रात्री बाथरूमला जातानाच का पडतात?

कारण त्या वेळी सगळ्या गोष्टी एकत्र जुळून येतात. एका काकांचं उदाहरण देते. ते पहाटे तीनच्या सुमारास दोनदा पडले होते आणि घरच्यांनी बाथरूममध्ये महागडी, न घसरणारी फरशी बसवली होती. मी त्यांना त्यांच्याच खोलीत नेलं, पडदे लावून दिवा बंद केला आणि म्हटलं, रोजच्यासारखे उठा.

ते ताडकन उठले, कारण लघवीची घाई होते म्हणे. चष्मा उशाशी नव्हता, टेबलाच्या पलीकडच्या कडेला होता. तो न घेताच ते निघाले. दिव्याचं बटण दाराशेजारी, म्हणजे अख्खी खोली अंधारात ओलांडायची. चौथ्या पावलाला त्यांचा पाय मोबाइलच्या चार्जरच्या वायरीला घासला. पायात टाचेवर उघडी, ढिली स्लीपर. दोन्ही वेळा ते बाथरूममध्ये पडलेच नव्हते, तिथे पोचायच्या आधी पडले होते. मग कळलं की लघवीची गोळी सकाळी घ्यायला विसरतात म्हणून ते रात्री जेवणानंतर घेत होते.

डॉक्टरांना विचारून गोळी सकाळी आणली, पलंगाजवळ आपोआप लागणारा छोटा दिवा लावला, वायर हलवली. उठल्यावर कडेला बसून पावलं वरखाली करत मिनिटभर थांबायचं, असं ठरवून दिलं. नवी फरशी आहे तिथेच आहे, बिचारी.

चक्कर येते म्हणजे नेमकं काय सांगायचं डॉक्टरांना?

‘चक्कर’ या एका शब्दात आपण तीन-चार वेगळ्या गोष्टी कोंबतो. खोली गरगर फिरते का? कूस बदलताना, वर बघताना काही सेकंद फिरत असेल तर आतल्या कानातले सूक्ष्म खडे जागेवरून सरकल्याची शक्यता असते. डोक्याच्या ठरावीक हालचाली करून ते जागेवर आणता येतात, आणि अनेकांना एक-दोन बैठकांत आराम पडतो. उभं राहताना अंधारी येत असेल तर ते वरच्या रक्तदाबाच्या प्रकरणात जातं. फिरत नाही, अंधारीही नाही, नुसता चालताना झोक जातो, तर पाय, नसा किंवा मेंदूकडे बघावं लागतं.

आणि ‘कसा पडलो ते आठवतच नाही’ असं कुणी म्हणालं, तर ते हलक्यात घेऊ नका. क्षणभर शुद्ध गेली असू शकते आणि त्यामागे हृदयाच्या ठोक्यांची गडबड असू शकते. अशा माणसाचा ईसीजी व्हायलाच हवा.

नजर कमी झाल्याचा किती वाटा असतो?

बराच. मोतीबिंदूमुळे पायरीची कड आणि फरशीचा रंग एकमेकांत मिसळतात. काचबिंदूत बाजूचं दिसणं आक्रसतं, त्यामुळे समोरचं सगळं ठीक, पण पायाशी ठेवलेला स्टूल दिसत नाही.

चष्म्याचीही एक गंमत आहे. दूरचं-जवळचं एकाच काचेत असणारा चष्मा लावून जिना उतरताना नजर खालच्या, म्हणजे वाचायच्या भागातून जाते आणि पायरी धूसर दिसते. जे बाहेर खूप हिंडतात त्यांनी चालण्यासाठी फक्त दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा ठेवावा. नंबर खूप बदलला असेल तर नव्या चष्म्याचे पहिले काही दिवसही जपून.

चालतात तर रोज. मग पायात ताकद नाही असं कसं म्हणता?

सपाट जागी रमतगमत चालायला फारशी ताकद लागत नाही. तोल गेल्यावर सावरायला लागते, आणि तीही झटक्यात. वयाबरोबर स्नायूंचं आकारमान घटतं, ताकद त्याहून वेगाने घटते आणि झटका देण्याची क्षमता सर्वांत आधी जाते. आजारपणात आठवडाभर अंथरुणावर काढला की उरलीसुरलीही ओसरते. दवाखान्यातून घरी परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच फार नाजूक.

हात न टेकता खुर्चीतून उठता येत नसेल, तर मांडीचे स्नायू खचलेत असं समजा. गुडघे-खुब्यांचा संधिवात, वाढलेली नखं, भोवऱ्या, वाकडा झालेला अंगठा, बधिर तळवे हे सगळं यात भर घालतं. बी-१२ च्या कमतरतेनेही पायांच्या नसा बिघडतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेणाऱ्यांत ही कमतरता जास्त आढळते, तेव्हा एकदा रक्त तपासून घ्यावं.

बाकी, नुसतं चालणं पुरत नाही. तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम नियमित केल्यास पडण्याचं प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतं.

विसरायला होतं, त्याचा पडण्याशी काय संबंध?

चालणं ही फक्त पायांची गोष्ट नाही. १९९७ साली स्वीडनमध्ये एक साधं निरीक्षण प्रसिद्ध झालं: चालताना कुणी बोलायला लागलं की जे ज्येष्ठ उत्तर देण्यासाठी थांबतात, ते पुढच्या काही महिन्यांत जास्त पडतात. त्यांच्या मेंदूला चालण्याकडेच पूर्ण लक्ष द्यावं लागत असतं, दुसऱ्या कामाला जागा उरत नाही. स्मृतिभ्रंशात हे ठळक दिसतं. शिवाय धोक्याचा अंदाज चुकतो, वॉकर हाताशी असून घ्यायचा राहून जातो. अशा माणसाला जिन्यावर असताना मागून हाक मारू नका.

आजी कधी पडली नव्हती, पण या आठवड्यात तीनदा पडली. असं एकदम का?

हा प्रश्न आला की मी व्यायाम बाजूला ठेवते. एकाएकी सुरू झालेलं पडणं म्हणजे शरीरात काहीतरी नवीन घडलंय. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग असू शकतो. म्हातारपणी तो तापाशिवायही येतो आणि पहिलं लक्षण पडणं किंवा बरळणं असतं. शरीरातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, नवीन औषध, साखर खाली जाणं, हृदयाचा त्रास, छोटासा पक्षाघात, यांपैकी काहीही असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

घरात काय बदलावं?

यावर इतकं लिहिलं गेलंय की थोडक्यात सांगते. सरकणारी पायपुसणी काढा. बाथरूममध्ये भिंतीत पक्का केलेला आधाराचा दांडा लावा. टॉवेलच्या दांड्याचा आधार घेऊ देऊ नका, तो उखडून हातात येतो. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा हवा, वर-खाली दोन्हीकडे दिव्याचं बटण हवं आणि पहिली-शेवटची पायरी वेगळ्या रंगाने उठून दिसायला हवी. टाचेला धरणारी, पातळ पण घट्ट तळव्याची पादत्राणं वापरा. गुळगुळीत फरशीवर नुसते मोजे नकोत.

पडायच्या भीतीने आई खुर्चीतून हलतच नाही. एका अर्थी बरंच ना?

नाही. भीती हा स्वतंत्र धोका आहे. भीतीने माणूस हलत नाही, न हलल्याने पाय आणखी दुबळे होतात, आणि मग खरोखरच पडतो. घाबरलेली चालही बघा: अंग ताठ, पावलं आखूड, नजर पायांवर, एक हात सतत भिंतीवर. भीती कधीही न पडलेल्यांनाही बसते, आणि घरच्यांच्या ‘उठू नकोस, पडशील’ने पक्की होते. त्याऐवजी शेजारी उभं राहून रोज चार फेऱ्या मारू द्या.

हाडं ठिसूळ असली तर माणूस जास्त पडतो का?

ठिसूळ हाडांमुळे माणूस पडत नाही, पडल्यावर मोडतो. खुब्याची बहुतेक फ्रॅक्चर कुशीवर पडल्यानेच होतात. बायकांमध्ये पाळी गेल्यानंतर हाडं झपाट्याने विरळ होतात, म्हणून त्यांच्यात फ्रॅक्चर जास्त. पडून मृत्यू होण्याचं प्रमाण मात्र पुरुषांत अधिक आहे.

ड जीवनसत्त्वाचा मोठा डोस एकदाच घेऊन टाकला तर?

नको. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिटचा डोस देऊन पाहिलं गेलं. २०१० मध्ये निकाल आला तेव्हा त्यांच्यात पडणं आणि हाडं मोडणं, दोन्ही वाढलेलं होतं. कमतरता असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच घ्यावं.

घरच्या घरी धोका ओळखता येईल का?

आधी तीन प्रश्न विचारा: वर्षभरात पडलात का? उभं राहताना, चालताना डळमळतं का? पडायची भीती वाटते का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर पुढची चाचणी करा. हाताच्या खुर्चीत बसवा, तीन मीटरवर खूण करा. नेहमीच्या चालीने उठून तिथपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर तपासणी हवी. काठी वापरत असतील तर काठीसकट करा, आणि तुम्ही अगदी जवळ उभे राहा. मी स्वतः सेकंदांपेक्षा वळणं जास्त बघते. वळायला चार-पाच बारीक पावलं लागत असतील तर मला काळजी वाटते.

लागलं नाही, खरचटलंही नाही. तरी डॉक्टरांकडे जायचं?

रक्त पातळ करणारं औषध चालू असेल आणि डोक्याला मार बसला असेल, तर दिसायला सगळं ठीक असलं तरी ताबडतोब. डोक्यातला रक्तस्राव हळूहळू साचतो. काही वेळा दोन-तीन आठवड्यांनी डोकेदुखी, पेंग, एका बाजूची कमजोरी दिसायला लागते आणि तोवर पडल्याचं सगळे विसरलेले असतात. जमिनीवरून स्वतःहून उठता आलं नसेल, तास-दीड तास तसंच पडून राहावं लागलं असेल, तरीही दाखवा. एवढा वेळ एकाच अंगावर पडून राहिल्याने स्नायू चेंगरून मूत्रपिंडांवर ताण येतो.

इतर वेळी दोन-चार दिवसांत गेलं तरी चालेल, पण जा. आणि जाताना ‘पाय घसरला’ एवढंच सांगू नका.

मग काय सांगायचं?

घटना ताजी असतानाच एका वहीत लिहून ठेवा. नमुना म्हणून माझ्या एका पेशंटच्या मुलीने आणलेली नोंद देते: ‘मंगळवार, पहाटे साडेपाच. बाथरूममधून परत येताना डावीकडे वळली आणि पडली. अंधारी नाही, गरगरलं नाही. पडल्याचं नीट आठवतंय. चष्मा नव्हता. पायात मोजे. रविवारपासून सर्दीची गोळी घेतेय, दुकानातून आणलेली.’

डॉक्टरांनी ती ओळ वाचली आणि विचारलं, ‘गोळीचं पाकीट आणलंय का?’